गिनीपिगच्या जबड्याखाली गाठ लागतेय, काय करू? (सोलापूर)

शेंगाचटणी
शनिवार, रात्री ११:२०

लेकीच्या हट्टापायी दीड वर्षापूर्वी दोन गिनीपिग आणले. एक दाण्या, दुसरा फुटाण्या. दोघेही नर. राहायला जुळे सोलापुरात, पिंजरा हॉलमध्ये असतो, गॅलरीत नाही (मागच्या उन्हाळ्यात त्यावरून इथे बोलणी खाल्ली होती, म्हणून आधीच सांगते).

आज संध्याकाळी नखं कापायला दाण्याला मांडीवर घेतलं. डावीकडे जबड्याच्या हाडाखाली बोट गेलं आणि काहीतरी गोल लागलं. भिजवलेल्या हरभऱ्याएवढं. उजवीकडे चाचपलं, तिथे काही नाही. कातडी हलवली की किंचित सरकतं, पण खालून कुठेतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. दाबलं की मान काढून घेतो. वर जखम नाही, केसही गेलेले नाहीत.

खातोय तसा. फ्रिजमधून कोथिंबिरीची पिशवी काढली की आवाज ओळखून शिट्ट्या मारतो. पण ढोबळी मिरचीचा तुकडा उचलतो आणि परत टाकतो, असं चार दिवस चाललंय. मला वाटलं उकाडा वाढलाय.

सासूबाई म्हणतात गळू आहे, चुना-हळद लावा, पिकून फुटेल. नवरा म्हणतो उद्या रविवार, सोमवारी बघू. लेक विचारत होती, आई कॅन्सर आहे का गं. तिला कशीबशी झोपवलीय आणि हे लिहितेय. आमच्या भागातले डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे, गिनीपिग म्हटलं की "उंदरातलाच ना तो?" असं विचारतात.

घरात लेकीचं उरलेलं ॲमॉक्सिसिलीनचं सिरप आहे. दोन थेंब देऊ का?

---

माळढोक
शनिवार, रात्री ११:२६

ते सिरप देऊ नका. एक थेंबही नाही. बाकीचं लिहितोय, थांबा.

---

माळढोक
शनिवार, रात्री ११:५२

ॲमॉक्सिसिलीन, ॲम्पिसिलीन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं गिनीपिगच्या पोटात गेली की आतड्यातले कामाचे जिवाणू मरतात. त्याचं गवत पचतं ते त्या जिवाणूंच्या जिवावर. ते गेले की क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात, त्यांचं विष अंगात भिनतं, हगवण लागते आणि काही दिवसांत जनावर जातं. लहान मुलाला चालतं म्हणजे सौम्य असणार, हा हिशेब इथे लागू होत नाही.

हे वाचून सांगत नाहीये. आमची चिंगी होती. कानामागे फोड आला. मीच एका मेडिकलमध्ये जाऊन "लहान मुलांचं द्या" म्हणून बाटली आणली. दुकानदाराला काय बोलणार, मागितलं मी, दिलं त्याने. दोन दिवस पाजलं. तिसऱ्या दिवशी लेंड्या मऊ झाल्या, मी म्हटलं काकडी जास्त झाली असेल. पाचव्या दिवशी पहाटे पिंजऱ्यात हात घातला तर अंग गार. फोड तसाच होता, वाटाण्याएवढा. त्याने तिचं काहीच बिघडवलं नव्हतं.

आज रात्री एवढंच करा. गाठ पुन्हा पुन्हा दाबू नका. स्वयंपाकाच्या काट्यावर स्टीलचा डबा ठेवा, त्यात दाण्याला बसवा आणि वजन लिहून ठेवा. हनुवटीखालचे केस ओले आहेत का बघा. लाळ गळत असेल तर दाताचं दुखणं असू शकतं. पिंजऱ्यातल्या लेंड्या नेहमीसारख्या भरीव आणि भरपूर आहेत का तेही बघा. हा प्राणी आजार लपवण्यात पटाईत आहे. कोथिंबिरीसाठी शिट्टी मारतो यावर जाऊ नका, मरायच्या आदल्या दिवशीही चिंगी शिट्टी मारत होती.

---

बाळीवेस_बॉय
रविवार, सकाळी ७:४०

ओ ताई, एवढं टेन्शन काय घ्यायलाव. आमच्याकडं बोकडाला असलं आलं की गरम सुई टोचून पिळून काढताव, वरनं हळद-तेल. तिसऱ्या दिवशी उड्या मारतंय बघा.

---

गोठा_नंबर_७
रविवार, सकाळी ८:१५

बाळीवेस, मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो, बोकडांची गळवं पिळण्यात माझी निम्मी नोकरी गेली. शेळीच्या मानेतली गाठ गोठ्यात पिळून तोच पू सगळ्या कळपाला लावून ठेवणारेही मी पुष्कळ बघितले. ते उदाहरण देऊ नका.

गिनीपिगचा पू पातळ नसतो, टूथपेस्टसारखा असतो. भोक पाडलं तरी आपोआप वाहून जात नाही. भोवती जाड पिशवी तयार झालेली असते. बाहेरून दाबलं की ती आतल्या बाजूला फुटायची भीती, आणि मग तोच पू मांसात पसरतो. वरचं तोंड दोन दिवसांत बुजतं, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि तीन आठवड्यांनी लिंबाएवढं होऊन परत येतं. किलोभर वजनाचं जनावर, त्याच्या मानेत लिंबू म्हणजे बघा. चुना तर मुळीच नको, कातडी भाजेल. आणि तो चाटला फुटाण्याने, तर त्याचंही तोंड गेलं.

शेंगाचटणी ताई, गाठ कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं. जबड्याखाली किंवा मानेत असेल तर पहिला संशय गळवाचा. एक तर दाताच्या मुळाशी पू, नाहीतर तोंडात काहीतरी टोचून आत गेलेलं. गिनीपिगचे सगळे दात जन्मभर वाढत असतात, त्यांची मुळं हाडात खोल असतात, त्यामुळे एक्स-रे काढावा लागतो. तिसरी शक्यता स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूची. त्याने मानेतल्या लसिका ग्रंथी सुजतात, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून आज फुटाण्याचीही मान चाचपा. लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरही असतो, त्यात बहुधा दोन्ही बाजूंच्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठी लागतात. तुमची एका बाजूची आणि दुखरी आहे.

बोटाने कळत नाही ते सुईने कळतं. बारीक सुई घालून आतलं थोडं काढायचं, काचेवर पसरून बघायचं. भूल लागत नाही, दोन मिनिटांचं काम. हे कुत्र्याचे डॉक्टरही करू शकतात, "उंदरातला" म्हणाले तरी घेऊन जा. कोणी हातच लावला नाही तर उदगीर किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, नाहीतर पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेसने पुणे.

---

अनुस्वार
रविवार, सकाळी ९:०५

हा धागा वाचून आमच्या बबड्याचं पोट तपासलं. खाली जांघेजवळ दोन गाठी आहेत!! अगदी समोरासमोर, दोन्ही बाजूंना, तिळाएवढ्या. हात थरथरतोय.

---

माळढोक
रविवार, सकाळी ९:११

स्तनाग्रं आहेत ती. नरालाही असतात, दोनच. श्वास घ्या.

---

अनुस्वार
रविवार, सकाळी ९:१३

🙈 नवऱ्याला उठवलं मी यासाठी.

---

गोठा_नंबर_७
रविवार, सकाळी ९:३०

हसू नका, चाचपलं हे चांगलंच केलं. त्या जागी एका बाजूला खरीखुरी गाठ आली, किंवा तिथून रक्त-पाणी आलं, तर मात्र थांबू नका. स्तनाच्या गाठी गिनीपिगच्या नरांनाही होतात आणि त्यातल्या बऱ्याच वाईट निघतात.

---

शेंगाचटणी
रविवार, सकाळी १०:२०

सिरप मोरीत ओतलं. माळढोक, तुमच्या चिंगीचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण लिहिलंत ते फार बरं झालं. मी खरंच देणार होते. सिरिंज धुऊन ठेवली होती.

वजन ८६४ ग्रॅम. दिवाळीत लेकीने दोघांना तोललं होतं तेव्हा ९३० भरला होता. हनुवटी कोरडी आहे. लेंड्या आहेत, पण जरा बारीक वाटतात. फुटाण्याची मान साफ. एक रुपयाचं नाणं शेजारी धरून गाठीचा फोटो काढून ठेवलाय.

सासूबाईंना चुन्याचं सांगितलं. म्हणाल्या, मग नुसती हळद?

---

नवीपेठेतली_सई
रविवार, दुपारी १२:४५

सगळ्याच गाठींना घाबरू नका म्हणून आमच्या गोट्याचं सांगते. ५ वर्षांचा असताना पाठीवर, शेपूट असायला हवी त्याच्या थोडं वर, गाठ आली. आधी मूगाएवढी, वर्षभरात सुपारीएवढी. दुखत नव्हती, वर मधोमध काळं टोक. एक दिवस मांडीवर असताना आपणच फुटली. आतून राखाडी लोण्यासारखं आणि त्यात केसांचा गुंता. वास असा की मी दोन वेळा साबणाने हात धुतले आणि तरी जेवताना येत होता.

डॉक्टरांनी सांगितलं, ट्रायकोफॉलिक्युलोमा. केसांच्या मुळापासून होणारी साधी गाठ, गिनीपिगच्या कातडीवर सगळ्यात जास्त हीच दिसते, बहुतेक कंबरेच्या आसपास. कॅन्सर नाही. काढली तर कायमची जाते, नाही काढली तर भरत राहते, फुटत राहते. आमचा तोवर सव्वासहा वर्षांचा झाला होता, हृदयाचे ठोके डॉक्टरांना नीट वाटेनात. भूल द्यायची नाही असं ठरवलं. कोमट मिठाच्या पाण्याने पुसायचं, केस कापून ठेवायचे, माशी बसू द्यायची नाही. पुढे दहा महिने राहिला आणि गेला तो गाठीने नाही, म्हातारपणाने.

दाण्या दीड वर्षाचा आहे. मी तुमच्या जागी असते तर काढून टाकली असती.

---

हिशेबी
रविवार, दुपारी २:३०

राग मानू नका, पण चारशे-पाचशे रुपयांचं जनावर. एक्स-रे, ऑपरेशन, पुण्याचं भाडं. तेवढ्यात दहा येतील.

---

शेंगाचटणी
रविवार, दुपारी २:५०

येतील. पण दाण्या येणार नाही, आणि लेकीला हे कोण सांगणार, तुम्ही या.

(खर्चाची काळजी मलाही आहे हो. आमचं घर यंत्रमागावर चालतं, महिनाअखेर काय असते ते सांगायला नको. पण आधी सुई तरी होऊ दे.)

---

टॉवेलवाला
रविवार, दुपारी ३:१०

हिशेबी साहेब, सोलापुरात माणूस शंभर रुपयांच्या सायकलला दोनशेचा टायर घालतो, तेव्हा नाही कोणी विचारत. जाऊ द्या. ताई, सोमवारी नेताना बुटाच्या खोक्यात नेऊ नका, जाळीची टोपली घ्या आणि खाली कपडा घाला. उन्हात रिक्षा सिग्नलला थांबली तरी या जीवाला त्रास होतो. सकाळी लवकर निघा.

---

शेंगाचटणी
सोमवार, दुपारी १:१५

जाऊन आले. सकाळी नऊच्या आत पोचलो, दाण्याबरोबर फुटाण्यालाही नेलं, एकटा राहिला की ओरडून बिल्डिंग डोक्यावर घेतो.

डॉक्टर तरुण आहेत. पहिलंच वाक्य, "गिनीपिग मी फार बघितलेले नाहीत, पण बघू या." मला ते आवडलं, खरं सांगते. माहीत नसताना माहीत आहे म्हणणारा आम्हाला मागे भेटलाय. लेकीने दाण्याला टॉवेलमध्ये भाकरीसारखं गुंडाळून धरलं, फक्त डोकं बाहेर. सुई घातली तर सिरिंजमध्ये काही येईना. डॉक्टरांनी सुई काढून तिचं टोक काचेवर झटकलं, तेव्हा पांढरट-पिवळा ठिपका पडला. अगदी पेस्ट. गोठा काकांनी लिहिलेलं तंतोतंत. नंतर त्यांनी सूक्ष्मदर्शकात बघितलं, म्हणाले पूच आहे, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. त्यातलाच थोडा पू कोणता जिवाणू आहे ते बघायला लॅबमध्ये पाठवला.

लेक तिथेच रडायला लागली. कॅन्सर नाही म्हणून.

एक्स-रेत दातांची मुळं ठीक आहेत. बुधवारी भूल देऊन गाठ काढायची. एनरोफ्लॉक्सासिनचं औषध वजनावर मोजून दिलंय आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम. मी पेनिसिलीनचं (ते ॲमॉक्सिसिलीन त्याच घराण्यातलं) विचारलं तेव्हा म्हणाले, ते ह्यांना देत नाहीत हे माहीत आहे. जीव भांड्यात पडला.

एकच अडचण. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, मंगळवारी रात्री दहानंतर काही खायला देऊ नका. बरोबर आहे का हे?

---

माळढोक
सोमवार, दुपारी १:२२

नाही. डॉक्टरांना स्वतः फोन करा.

---

गोठा_नंबर_७
सोमवार, दुपारी २:०५

तो कुत्र्या-मांजरांचा नियम आहे, त्या मुलीने सवयीने सांगितला असणार. कुत्र्याला भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती, म्हणून उपास. गिनीपिगला उलटी होतच नाही. उलट त्याचं आतडं सतत चालू राहायला लागतं. रात्रभर रिकामं राहिलं की ते थांबतं, आत गॅस धरतो, आणि ऑपरेशन उत्तम होऊनही जनावर दुसऱ्या दिवशी जातं. भूल द्यायच्या आधी थोडाच वेळ अन्न बाजूला करतात, तेही तोंडात घास राहू नये म्हणून. किती वेळ ते डॉक्टर ठरवतील. तोंडात पाणी फिरवून घास काढून घेतात, तेही विचारा.

आणखी विचारायचं ते असं. आयसोफ्लुरेनची वायूची भूल आहे का? इंजेक्शनपेक्षा ती लवकर उतरते. भुलीत अंग गार पडतं, तर खाली ऊब द्यायची सोय आहे का? आणि घरून त्याचं नेहमीचं गवत आणि कोथिंबीर डब्यात न्या. डोळे उघडले की समोर ओळखीचा वास हवा. फुटाण्यालाही न्या, हे तुम्ही आपणहून केलंत ते बरोबर आहे.

डॉक्टरांना असं विचारलं तर राग येईल असं वाटतं आपल्याला. चांगल्या डॉक्टरला येत नाही.

---

शेंगाचटणी
सोमवार, संध्याकाळी ६:४०

फोन केला. डॉक्टर म्हणाले उपाशी ठेवायचं नाही, सकाळी खाऊ देऊनच आणा, इथे तासभर आधी आम्ही बाजूला करू. वायूची भूल आहे. त्या मुलीवर ओरडू नका म्हटलं मी.

---

बाळीवेस_बॉय
मंगळवार, रात्री ९:५०

ताई, उद्या सिद्धरामेश्वराला नारळ वाढवतो तुमच्या दाण्याच्या नावानं. बोकडाचं बोललो ते सोडून द्या.

---

शेंगाचटणी
बुधवार, दुपारी ४:३०

झालं. शुद्धीवर आलाय. आता घरी आहे.

डॉक्टरांनी बाटलीत घालून आणलेली गोष्ट दाखवली. गाठ पिशवीसकट काढायला बघितली, पण मागची बाजू स्नायूला चिकटली होती, तेवढी खरवडली. आणि पिशवी कापली तर आत, पुवाच्या मधोमध, एक कुसळ. माझ्या करंगळीच्या नखाएवढं. काळपट, टोकाला अजून अणकुचीदार.

मला सुचेचना. मामा मंगळवेढ्याचा, ज्वारी काढली की दरवर्षी दोन पेंढ्या कडबा पाठवतो. ऑनलाइन टिमोथी गवत परवडत नाही म्हणून मी वर्षभर कडब्याची पानं आणि कोवळी टोकं कातरून घालते. म्हणजे मीच टोचलं ना हे त्याला.

---

गोठा_नंबर_७
बुधवार, संध्याकाळी ५:२०

कडब्याच्या पानाला असलं कुसळ नसतं. मामाने पेंढीबरोबर बांधावरचं वाळलेलं गवत पाठवलं होतं का?

---

शेंगाचटणी
बुधवार, संध्याकाळी ५:३५

हो!! पोतंभर. "जनावरांना बदल" म्हणून.

---

गोठा_नंबर_७
बुधवार, संध्याकाळी ६:१०

मग तेच. आपल्या माळावरचं आणि बांधावरचं कुसळी गवत. पावसाळ्यात हिरवं असतं तेव्हा गुरं आवडीने खातात. दिवाळीनंतर वाळलं की त्याच्या बियांना पीळ पडलेली कुसळं येतात. ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि टोक आत आत शिरतं. जमिनीत बी पेरण्याची त्याची ती युक्ती आहे. मेंढपाळांना विचारा, मेंढीच्या लोकरीतून कातडीत जातं. तुमच्या दाण्याच्या गालात आतून शिरलं आणि जबड्याखाली येऊन थांबलं. चार दिवस ढोबळी मिरची टाकत होता ना, चावताना तेच दुखत असणार.

कडबा बंद करू नका, चांगला आहे. जाड ताटं काढून टाका, बुरशी आलेला काळा भाग काढा. फक्त हिरवी कोवळी ज्वारी कधी घालू नका, पाण्याचा ताण बसलेली तर नाहीच नाही. गुरांना किराळ लागते तेच विष त्यात असतं. पोतं मात्र गुरांनाच जाऊ द्या. मामाला काही बोलू नका.

---

टॉवेलवाला
बुधवार, रात्री ८:००

आता माझ्या धंद्यातलं. पिंजऱ्यात भुसा घालू नका, जखमेत जातो. टॉवेल घालाल तर नवा टेरी नको. त्याच्या फेऱ्यांत नख अडकतं आणि घाबरून ओढलं की नख मुळासकट येतं. दहा वर्षं धुऊन फेरे झिजलेला टॉवेल चालतो, नाहीतर जुनी सुती चादर. प्रत्येक घरात एक असतेच, जिचं मोराचं डिझाईन पुसून गेलंय. दिवसातून दोनदा बदला.

---

शेंगाचटणी
गुरुवार, पहाटे ३:५०

कोणी जागं आहे का? संध्याकाळपासून काही खाल्लं नाही. कोथिंबीर पुढे धरली तर तोंड फिरवतो. लेंडी एकही नाही. कोपऱ्यात केस फुलवून बसलाय.

---

माळढोक
गुरुवार, पहाटे ३:५८

आहे. दुखण्याचं औषध वेळेवर दिलंय का? दुखत असेल तर खात नाही, आणि खाल्लं नाही की पोट फुगतं, ते आणखी दुखतं. पोट हाताला ढोलासारखं कडक लागतं का बघा. तसं असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

मऊ असेल तर भरवायला घ्या. त्याचे नेहमीचे पेलेट कोमट पाण्यात भिजवा, भाकरीच्या पिठाला पाणी जास्त झालं की होतं तसं सैल होऊ द्या. सुई काढलेली सिरिंज, १ मिलीची. पुढून सरळ घुसवू नका, ठसका लागेल. पुढच्या दातांच्या मागे बाजूला मोकळी जागा असते तिथून, गालाच्या आत, आणि जखमेच्या उलट्या बाजूने. थेंब थेंब. चावून गिळला की पुढचा. एका वेळी पाच-सहा मिली झालं तरी पुष्कळ, दोन तासांनी परत. व्हिटॅमिन सी आपल्यासारखंच त्याच्याही अंगात तयार होत नाही आणि जखम भरायला लागतं, पण पाण्याच्या बाटलीत टाकू नका, लवकर वाया जातं. उद्या पेरूची एखादी फोड चेचून त्या लापशीत घाला.

---

शेंगाचटणी
गुरुवार, पहाटे ४:०९

औषध रात्री नऊला दिलंय. पोट मऊ आहे. भिजवतेय.

---

शेंगाचटणी
गुरुवार, पहाटे ५:१५

चार मिली गेलं. पाचव्याला सिरिंजच चावली. सासूबाई उठून आल्या, म्हणाल्या तू झोप, मी भरवते, सहा पोरं वाढवलीत मी. आता त्यांच्या मांडीवर आहे.

---

शेंगाचटणी
गुरुवार, सकाळी ८:४०

लेंडी!!! तीन!

(आयुष्यात कधी वाटलं नव्हतं की याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं देईन.)

---

अनुस्वार
गुरुवार, सकाळी ८:४४

🎉 ऑफिसच्या बसमध्ये ओरडले मी.

---

शेंगाचटणी
रविवार, रात्री ९:३०

उशिरा लिहितेय, घरात धावपळ होती.

जखम डॉक्टरांनी मुद्दाम पूर्ण शिवलेली नाही. खाली बोटाच्या पेराएवढं तोंड उघडं आहे, आतून भरत यायला हवं, वरून आधी बंद झालं तर पू परत साठेल. म्हणून रोज दोनदा खपली ओली करून काढायची आणि आतून सलाईनने धुवायचं, मग बीटाडीन पाण्यात घालून, पातळ चहाचा रंग येईल इतकंच. पहिल्या दिवशी माझे हात कापत होते. आता लेक धरते, मी धुते, दाण्या शिव्या देतो. आत गुलाबी दिसायला लागलंय, वासही नाही.

लॅबचा रिपोर्ट आला. स्ट्रेप्टोकॉकस नाही, त्यामुळे फुटाण्याला धोका नाही. औषध चालू आहे तेच त्या जिवाणूवर चालतंय, दोन आठवडे पूर्ण द्यायचं.

वजन गुरुवारी ८३१ झालं होतं. आज ८४९. गुरुवारपासून लेक कॅलेंडरवर तिथीच्या खाली लिहून ठेवते. काल चतुर्थीच्या खाली ८४२ आहे.

एक प्रश्न उरलाय. सासूबाई आता त्याला लापशीची सवय लावून बसल्यात. तो कडब्याकडे बघतसुद्धा नाही, सिरिंज दिसली की शिट्टी. हे कसं सोडवू?

---

गोठा_नंबर_७
रविवार, रात्री १०:०५

लापशी कमी करत जा, रोज एक वेळ वगळा. गवत मात्र तोंडासमोर हवंच, दात त्यानेच झिजतात. वजन उतरलं तर लगेच थांबा आणि इथे लिहा. सासूबाईंना समजावणं माझ्या खात्यात येत नाही.

---

नवीपेठेतली_सई
रविवार, रात्री १०:२०

फुटाण्याबरोबर परत एकत्र ठेवलात का? औषधाच्या वासाने ओळखत नाहीत कधी कधी, दोन नर असले तर दात कडकडवतात.

---

शेंगाचटणी
रविवार, रात्री १०:३१

मधे जाळी लावलीय, जखम भरेपर्यंत. फुटाण्या जाळीला नाक लावून झोपतो. आणि मामाचा आत्ताच फोन आला होता, विचारत होता, गवत आवडलं का, आणखी पाठवू?